चावी मागायला जाण्याआधी

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत त्या नऊ वर्षं नोकरी करतात. तिथल्या बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं आणि चावी व्यवस्थापकांच्या ड्रॉवरमध्ये. जायचं झालं की केबिनमध्ये जाऊन, समोर ग्राहक बसलेले असताना, ती मागायची. ताई लिहितात, "अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या लढ्यातल्या बायकांबद्दल मिळेल ते वाचते. रोझा पार्क्सचा फोटो मोबाइलवर लावलाय. वाचलं की दोन दिवस अंगात आल्यासारखं होतं. तिसऱ्या दिवशी केबिनच्या दाराशी उभी राहते आणि तोंडातून 'सर, जरा चावी' एवढंच निघतं. प्रेरणा घ्यायची म्हणजे नेमकं करायचं काय? की माझ्यात ते मुळातच नाही?"

ताई, मी बावीस वर्षं नागपूर, वर्धा, भंडारा भागात ग्रामपंचायतीच्या महिला सदस्यांची आणि बचत गटांच्या बायकांची प्रशिक्षणं घेते. तुम्ही म्हणता त्या लढ्यातल्या बायका माझ्या प्रत्येक बॅचमध्ये गोष्टींमधून येऊन जातात. आधी एक कबूल करते, पहिली काही वर्षं मीही त्यांच्या गोष्टी चुकीच्या सांगत होते. त्यातून एका बाईला त्रास झाला. ते पुढे सांगते.

तुमचा प्रश्न तुम्ही धाडसाचा म्हणून मांडलाय, पण मला तो वाचनाचा वाटतो. मोबाइलवर लावलेला फोटो हा एका बाईच्या आयुष्यातला एक क्षण आहे. तिची आदल्या बारा वर्षांची तयारी त्यात दिसत नाही आणि नंतरची दहा वर्षंही दिसत नाहीत. त्या एका क्षणाशी तुम्ही तुमचा रोजचा सोमवार-मंगळवार ताडून बघताय. असं ताडलं तर कुणीही कमीच पडणार.

रोझा पार्क्स यांच्या गावाचं, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीचंच घ्या. आपल्याकडे गोष्ट अशी पसरली आहे की एक दमलेली काळी शिंपीणबाई कामावरून बसने घरी चालली होती, पाय दुखत होते म्हणून गोऱ्या प्रवाशाला जागा द्यायला उठली नाही, आणि इतिहास घडला. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स ४२ वर्षांच्या होत्या, फार म्हाताऱ्या नव्हत्या. पाय दुखण्याची कथा त्यांनी स्वतःच पुढे खोडून काढली. त्या एका मोठ्या दुकानात कपडे बेतण्या-शिवण्याचं काम करायच्या हे खरं. पण १९४३ पासून त्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेच्या गावातल्या शाखेच्या सचिव होत्या. सचिव म्हणजे काय? पत्रं टाइप करायची, इतिवृत्त लिहायचं, अन्याय झालेल्या माणसांकडे जाऊन त्यांचं म्हणणं टिपून घ्यायचं. १९४४ मध्ये रेसी टेलर नावाच्या तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला, तेव्हा चौकशीसाठी संघटनेने ॲबव्हिल या गावी पाठवलं ते पार्क्स यांनाच. आणि त्या बसचा तो ड्रायव्हर, जेम्स ब्लेक, त्यानेच १९४३ मध्येही त्यांना बसमधून उतरवलं होतं. पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, मग खाली उतरून मागच्या दाराने पुन्हा चढायचं, असा तिथला काळ्यांसाठीचा रिवाज. पार्क्स यांनी असं उतरून पुन्हा चढायला नकार दिला होता. म्हणजे १९५५ चा नकार हा त्यांचा पहिला नकार नव्हता. पहिल्या नकाराची गोष्ट कुणी सांगत नाही, इतकंच.

मला त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात आवडता तुकडा तर वेगळाच आहे. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्या टेनेसीतल्या हायलँडर नावाच्या शाळेत प्रशिक्षणाला गेल्या होत्या. कार्यकर्त्यांची शाळा ती. तिथे सेप्टिमा क्लार्क शिकवायच्या. पार्क्स तिथे फारसं बोलतच नव्हत्या. शेवटी प्रत्येकाला विचारलं की गावी जाऊन काय कराल, तर त्या म्हणाल्या की माँटगोमेरीत काही होणार नाही, लोक एक होणार नाहीत, मी आपली मुलांमध्ये काम करत राहीन. काही महिन्यांनी त्याच गावाने ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. माझ्या प्रशिक्षणात मागच्या रांगेत बसून चुप राहणारी बाई दिसली की मला हे आठवतं आणि मी तिला उगाच "बोला, बोला" करत नाही.

आता १ डिसेंबरच्या त्या रात्रीचं बघा. पार्क्स यांना पकडून सोडलं, त्या घरी आल्या, आणि हे प्रकरण पुढे न्यायचं का असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी आई आणि नवऱ्याशी बोलून मग होकार दिला. नवरा घाबरला होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण "घरी विचारावं लागतं" याची आपल्या बायकांना लाज वाटते. तिकडे पार्क्स घरी बोलत होत्या आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला जो ॲन रॉबिन्सन नावाच्या इंग्रजीच्या प्राध्यापिका मध्यरात्री कॉलेज उघडून सायक्लोस्टाईल मशीनपाशी उभ्या होत्या. सोबत एक सहकारी आणि दोन विद्यार्थी. रात्रभरात हजारोंच्या संख्येने पत्रकं काढली, कापली, गठ्ठे बांधले आणि सकाळी शाळा, दुकानं, न्हावी अशी वाटत सुटल्या. कॉलेज सरकारी, कळलं असतं तर नोकरी गेली असती. स्टेन्सिलवर एका पानात तीनदा मजकूर बसवायचा म्हणजे कागद वाचतो, हा त्यांचा हिशोब! मी स्वतः सायक्लोस्टाईलच्या शाईने बोटं काळी केलेल्या पिढीतली, त्यामुळे त्या रात्रीचा वास मला येतो.

रॉबिन्सन यांना एका रात्रीत हे सुचलं नाही. १९४९ मध्ये नाताळच्या सुट्टीत एका ड्रायव्हरने त्यांना ओरडून बसमधून उतरवलं होतं, त्या रडत उतरल्या होत्या. त्यानंतर त्यांनी बायकांच्या संघटनेत बसच्या तक्रारी लावून धरल्या. मे १९५४ मध्ये महापौरांना पत्र लिहिलं की सुधारणा झाली नाही तर बहिष्काराची भाषा सुरू आहे. आणि बहिष्काराच्या सुरुवातीच्या मागण्या ऐकाल तर हसाल. ड्रायव्हरने नीट बोलावं. काळ्यांनी मागून, गोऱ्यांनी पुढून बसत यावं आणि बसलेल्याला उठवू नये. काळ्या वस्तीच्या मार्गांवर काळे ड्रायव्हर घ्यावेत. एकत्र बसण्याची मागणीसुद्धा नव्हती! ती नंतर कोर्टात आली. तुमची चावीची मागणी "एवढीशी" वाटून तुम्हाला संकोच होत असेल तर हे ध्यानात ठेवा.

आणखी एक बाई, जिचा फोटो कुणी लावत नाही. जॉर्जिया गिलमोर, स्वयंपाकीण. बहिष्काराच्या काळात हजारो लोकांना कामावर पोहोचवायला गाड्या लागायच्या, गाड्यांना पेट्रोल. गिलमोर आणि त्यांच्या मैत्रिणी घरी चिकन तळायच्या, 'पाय' नावाचा गोड पदार्थ आणि केक करायच्या, ते विकून आलेला पैसा सभेत आणून द्यायच्या. त्यांच्या गटाचं नाव काय, तर "कुठूनच नाही" असा क्लब! कारण देणाऱ्यांत गोऱ्यांच्या घरी कामाला जाणाऱ्या बायका होत्या. नाव फुटलं तर काम जायचं. पैसे कुठून आले? कुठूनच नाही. आपल्या बचत गटातल्या बायकांना हे सांगितलं की त्या एकमेकींकडे बघून हसतात. त्यांना असले हिशोब चांगले कळतात.

तर माझी चूक. साधारण वीस वर्षांपूर्वी मी पार्क्सची गोष्ट तीच, फोटोवाली, अगदी रंगवून सांगायचे. एक बाई उठली नाही, तुम्हीही उठू नका. टाळ्या पडायच्या. एका बॅचमधली एक सदस्य, तिशीतली, घरी गेली आणि पुढच्याच ग्रामसभेत एकटी उभी राहून रोजगार हमीच्या हजेरीपटाबद्दल बोलली. जे बोलली ते खरं होतं. पण तिच्या मागे कुणी नव्हतं, हातात कागद नव्हता, घरी सांगितलं नव्हतं. त्या हंगामात तिच्या नवऱ्याला गावात कुणी कामाला बोलावलं नाही. गटातल्या बायकांनी तिच्याकडे जाणं बंद केलं. सहा महिन्यांनी ती मला बसस्टँडवर भेटली. भांडली नाही. "ताई, तुम्ही तिच्या मागे कोण होतं ते नाही सांगितलं," एवढंच म्हणाली. मग तिची बस लागली. तेव्हापासून मी गोष्ट उलटीकडून सांगते. आधी मागे कोण होतं, मग ती बाई.

याच शोधात मला नागपूरचं एक नातं सापडलं. जेम्स लॉसन नावाचा अमेरिकन तरुण, सैन्यात भरती व्हायला नकार दिला म्हणून तुरुंगात राहून आलेला, १९५३ मध्ये मिशनरी म्हणून नागपुरात आला आणि हिस्लॉप कॉलेजात काम करू लागला. सत्याग्रहाचा अभ्यास त्याने इथे तीन वर्षं केला. माँटगोमेरीच्या बहिष्काराची बातमी त्याने वाचली ती इथल्याच वर्तमानपत्रात. परत जाऊन त्याने नॅशव्हिलमध्ये विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेतल्या, आणि त्यात बसायची डायान नॅश नावाची विशीतली मुलगी. सिव्हिल लाइन्समधून जाताना हिस्लॉपची इमारत दिसली की मी रिक्षातल्या शेजारणीला हे सांगतेच. काही जणींना कंटाळा आला असणार.

त्या कार्यशाळेत काय चालायचं ते मात्र तुमच्या कामाचं आहे. नॅशव्हिलच्या दुकानांत काळ्यांना खरेदी करू द्यायचे, पण तिथल्या खाण्याच्या काउंटरवर बसू द्यायचे नाहीत. तर विद्यार्थी खुर्च्या मांडून काउंटर करायचे. काही जण बसणारे, काही जण गुंड. गुंडांनी शिव्या द्यायच्या, खुर्ची ओढायची, तोंडावर धूर सोडायचा. बसणाऱ्यांनी हात उचलायचा नाही, मार पडला तर डोकं कसं झाकायचं हे शिकायचं. पुन्हा पुन्हा, कित्येक आठवडे. फेब्रुवारी १९६० मध्ये खऱ्या काउंटरवर बसायला सुरुवात झाली तेव्हा सगळ्यांना लेखी सूचना होत्या: ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा, उलट बोलू नका, प्रमुखाने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. डायान नॅश घाबरायची. वर्गात बसल्या बसल्या तळहाताला घाम फुटायचा, असं तिने स्वतःच सांगितलंय. एकदा तर जमावातल्या पोरांनी तिला नावानिशी ओळखलं आणि भीतीने तिचं डोकं चालेना. तिने स्वतःला काही मिनिटं दिली, एक तर सावरायचं, नाहीतर जबाबदारी दुसऱ्याकडे द्यायची. सावरली. एप्रिलमध्ये तिने महापौरांना पायऱ्यांवर सगळ्यांसमोर सरळ विचारलं की नुसत्या रंगावरून माणसाला वेगळं वागवणं तुम्हाला चूक वाटतं का, आणि त्यांना हो म्हणावं लागलं. मे महिन्यात काउंटर खुले झाले.

तेव्हा घाम फुटणं ही तुमच्यातली खोट नाही. माझ्या प्रशिक्षणात मी हाच खेळ प्लास्टिकच्या खुर्च्यांवर खेळते. एकीला ग्रामसेवक करते, एकीला अर्ज घेऊन जायला लावते. पहिली दहा मिनिटं नुसता खिदळाट. मग ग्रामसेवक झालेली बाई एकदम खऱ्यासारखी म्हणते, "वहिनी, तुम्हाला काय कळतं त्यातलं, भाऊंना पाठवा," आणि खोली शांत होते. अर्जवालीचं बोट पदराच्या टोकात गुंडाळलं जातं. पहिल्यांदा ती गप्प बसते, दुसऱ्यांदा चिडते. चौथ्या-पाचव्यांदा कुठे "भाऊ शेतात आहेत, अर्ज माझा आहे, पोच द्या" असं सपाट आवाजात निघतं. तो सपाट आवाज हवा असतो मला.

आता किंमत. यात परिस्थितीवर फार अवलंबून आहे आणि मी तुमची परिस्थिती जाणत नाही. पार्क्स यांची नोकरी महिनाभरात गेली, नवऱ्यालाही सोडावी लागली, १९५७ मध्ये गाव सोडून डेट्रॉइटला जावं लागलं. नियमित पगाराची चांगली नोकरी मिळायला १९६५ उजाडलं. सेप्टिमा क्लार्क यांनी पार्क्स यांच्याच त्या हक्कांच्या संघटनेचं सदस्यत्व सोडलं नाही म्हणून १९५६ मध्ये शिक्षिकेची नोकरी आणि पेन्शन दोन्ही गेलं. मिसिसिपी राज्यात मळ्यावर राबणाऱ्या फॅनी लू हेमर ३१ ऑगस्ट १९६२ ला मतदार नोंदणीला गेल्या. परत येतात तो मळ्याच्या मालकाने सांगितलं, अर्ज मागे घे नाहीतर चालती हो. अठरा वर्षं तिथे काम केलेलं. त्याच रात्री बाहेर पडल्या. आणि क्लॉडेट कॉल्विन, १५ वर्षांची पोर, जी पार्क्सच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ ला, त्याच गावात बसमधून उठली नव्हती, तिला पुढाऱ्यांनी चेहरा म्हणून निवडलं नाही. लहान, रागीट, पुढे दिवस गेलेले, लोक काय म्हणतील. मला हे आजही खटकतं. पण ज्या खटल्याने बसमधला भेद कायद्याने संपवला त्यातल्या चार वादींपैकी एक तीच होती, तिने कोर्टात साक्ष दिली. लढ्यातल्या आपल्याच लोकांकडूनही असं होतं, हे धरून चाला.

म्हणून तुम्हाला आधी विचारते: घर तुमच्या पगारावर चालतं का? नोकरी कायम आहे की दरवर्षी नूतनीकरण? चावी देताना ते नुसती देतात की काही बोलतात, हसतात? बोलत असतील तर मामला निराळा आहे. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती लागते, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तसं असेल तर चावीची वाट न धरता तिकडे जा. नुसताच जुना रिवाज असेल, म्हणजे कुणीतरी कधीतरी "बाहेरचे लोक घाण करतात" म्हणून कुलूप लावलं आणि ते राहिलं, तर पुढचं वाचा.

पहिले पंधरा दिवस केबिनमध्ये काहीच बोलू नका. सचिव व्हा. एका वहीत तारीख, वेळ, चावी किती मिनिटांनी मिळाली, साहेब नसताना काय झालं, एवढं लिहा. मतं लिहू नका, राग लिहू नका. मग दुसऱ्या एखाद्या सहकारी बाईला ती वही दाखवा. बहुतेक वेळा ती म्हणते, "अगं, मी तर दुपारी पाणीच पीत नाही." हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय! तेही लिहा. दुकाने आणि आस्थापनांच्या कायद्यात स्वच्छतागृहाची तरतूद आहे, ती वाचून ठेवा, पण पहिल्याच दिवशी ती तोंडावर मारू नका. मागणी एका ओळीची ठेवा: चावी बायकांच्या टेबलाजवळच्या खिळ्यावर राहील. घरी स्वयंपाकघरात कुणाला तरी साहेब करून चार वेळा बोलून बघा. नवरा चांगला साहेब होतो, माझा अनुभव आहे. आणि दोघी-तिघींनी मिळून जा, ग्राहक नसताना, अर्ज देऊन पोच घ्या.

नाही म्हणाले तर? हेमर पहिल्या वेळी मतदार नोंदणीसाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेत नापास झाल्या होत्या. मिसिसिपीच्या राज्यघटनेतलं असं कलम समजावून सांगायला लावलं होतं की त्याचा अर्थ त्यांना बापजन्मात कुणी सांगितला नव्हता. त्यांनी तिथल्या अधिकाऱ्याला सांगितलं की मी दर ३० दिवसांनी येत राहीन. जानेवारी १९६३ मध्ये त्या पास झाल्या. त्या पहिल्या दिवशी परतताना पोलिसांनी त्यांची बस अडवली, बस फारच पिवळी आहे म्हणून दंड केला, आणि आत बसलेले लोक घाबरून गेले तेव्हा हेमर गाऊ लागल्या होत्या. तुम्हीही तारीख ठरवून ठेवा. महिन्याने दुसरा अर्ज, पहिल्याची प्रत जोडून. त्याच्या पुढच्या महिन्यात संचालक मंडळाला.

वाचनाबद्दल एक सांगते. दर आठवड्याला नवी बाई वाचू नका. एकच घ्या आणि तीन महिने तिलाच धरून राहा. तुमच्यासाठी मी पार्क्स नाही, रॉबिन्सन सुचवीन, कारण तुम्ही कागदावर काम करणाऱ्या आहात. ज्यांना बोलणं-लिहिणं जमत नाही त्यांना मी गिलमोर देते. प्रत्येक प्रसंगाला विचारा: याच्या आदल्या दिवशी ती काय करत होती? आणि तिच्या शेजारी कोण उभं होतं?

यातलं शेवटचं तुम्हालाही विचारायचं राहिलंच. ग्राहक, साहेब, ड्रॉवर सगळं लिहिलंत, पण त्या पतसंस्थेत तुम्ही बायका एकूण किती, ते लिहिलं नाहीत. तेवढं आधी कळवा.